तपासणी झाली, पण निदान हुकले: दाद कुठे आणि कशी मागायची?



मागच्या वर्षी वर्षावासाच्या काळात आमच्या वस्तीतील एका ताईंचे पुण्यानुमोदन विहारात झाले. वय ५२. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन मुले शिकवली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने त्या गेल्या. त्रिशरण, पंचशील झाले, लोक जेवून पांगले, आणि त्यांचे पती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "ताई, तुम्ही दवाखान्यात नर्स होता ना. जरा हे कागद बघा. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं आधी का नाही आणलं. आम्ही तर तेव्हाच दाखवलं होतं."

पिशवीत खरोखरच तेव्हाचे कागद होते. पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर ताईंच्या अंगावरून लाल जाऊ लागले, म्हणून त्या एका खासगी नर्सिंग होममध्ये गेल्या होत्या. तिथे पॅप स्मिअर केला गेला. रिपोर्ट इंग्रजीत होता. पेशींमध्ये गंभीर स्वरूपाचे बदल आहेत, कॉल्पोस्कोपी आणि बायोप्सी करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच आठवड्याच्या केसपेपरवर मात्र रक्तवाढीच्या आणि पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या, बस. "रिपोर्ट ठीक आहे, गोळ्या घ्या," एवढेच सांगितले गेले, असे पती म्हणतात. ताईंना इंग्रजी वाचता येत नव्हते. सव्वादोन वर्षे तो कागद पत्र्याच्या पेटीत पडून होता.

थोरला मुलगा मित्रांना गोळा करून नर्सिंग होम फोडायला निघाला होता. त्याला आम्ही थांबवले. त्या रात्री आणि पुढच्या काही महिन्यांत त्या कुटुंबाला जे सांगितले, तेच या पानावर सर्वांसाठी लिहीत आहोत.

स्क्रीनिंग म्हणजे काय?

काही त्रास नसताना, वेळीच रोग सापडावा म्हणून जी तपासणी करतात ती स्क्रीनिंग. त्रास असताना करतात ती रोगनिदानाची तपासणी. हा फरक पुढे कायद्यातही उपयोगी पडतो. त्रास सांगूनही तपासले नाही, तर डॉक्टरची जबाबदारी जास्त ठरते.

आपल्या बायकांना सर्वांत जास्त गाठणारे दोन कॅन्सर म्हणजे स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. पुरुषांत, आणि मशेरी-तंबाखूमुळे बायकांतही, तोंडाचा. हे तिन्ही असे आहेत की शरीराच्या बाहेरून किंवा साध्या तपासणीने लवकर सापडू शकतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर तर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूच्या लागणीनंतर पेशी बिघडतात आणि त्यांचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे लागतात. मधल्या काळात बिघडलेला भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते आणि कॅन्सर टळतो.

शासनाने २०१६ मध्ये ठरवलेल्या कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची, बायकांच्या स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, पुढची तपासणी आरोग्य केंद्रात. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, लावतात. एका मिनिटात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हीच व्हीआयए तपासणी. पण प्रत्यक्षात काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधीतरी झालेली आढळली. स्तनाची तर शंभरात एकीचीही नाही. म्हणजे आपल्याकडे पहिला अन्याय हाच की तपासणी होतच नाही. दुसरा अन्याय, झालेली तपासणी वाया जाते. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे.

निदान कुठे कुठे हुकते?

वॉर्डात आणि ओपीडीत नोकरी करताना आम्ही जे पाहिले, ते पाच ठिकाणी मोडते.

१. बाई त्रास सांगते, पण अंगाला हात न लावता गोळ्या लिहिल्या जातात. "उष्णता आहे", "वयाचं आहे" असे सांगून परत पाठवतात. वस्तीतली बाई, अंगावर कामाचे कपडे, आडनाव ऐकले की टेबलावर घेऊन तपासायचाच कंटाळा. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

२. तपासणी नीट होत नाही. नमुना पुरेसा घेतला जात नाही, काचपट्टी खराब होते, नाव-नंबर बदलतो.

३. लॅबमध्ये वाचताना चूक होते. बिघडलेली पेशी असूनही "नॉर्मल" लिहिले जाते.

४. रिपोर्ट बरोबर येतो, पण तो रुग्णापर्यंत पोहोचत नाही, किंवा त्याचा अर्थ सांगितला जात नाही. आमच्या ताईंचे हेच झाले. यात आम्हा परिचारिकांचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवे. शिबिरात शंभर बायकांचे नमुने घ्यायचे, फोटो काढायचे, आणि दोन महिन्यांनी आलेले रिपोर्ट कपाटात ठेवायचे, हे आमच्याही हातून झाले आहे. त्या गठ्ठ्यात किती जणींचा जीव होता, हा प्रश्न आजही झोप उडवतो.

५. पुढच्या तपासणीला पाठवले जाते, पण कुठे, कसे, किती तातडीने, हे कोणी सांगत नाही.

चूक आणि निष्काळजीपणा, फरक ओळखा

प्रत्येक हुकलेले निदान म्हणजे गुन्हा नाही. कोणतीही स्क्रीनिंग तपासणी शंभर टक्के खात्रीची नसते. चांगल्या मशीनवरच्या मॅमोग्राफीतही काही गाठी दिसत नाहीत. एका पॅप स्मिअरमध्ये बिघडलेल्या पेशी नमुन्यात न येण्याची शक्यता असतेच. म्हणून तर ती तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा करतात.

निष्काळजीपणा सिद्ध करायचा तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, त्या डॉक्टरवर किंवा लॅबवर आपली जबाबदारी होती. दोन, त्याच शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते त्यांनी केले नाही. तीन, त्यामुळेच आपले नुकसान झाले. डॉक्टरांच्या बाबतीत हीच कसोटी लावायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले आहे.

कॅन्सरच्या प्रकरणात तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. समोरचा वकील म्हणतो, "तेव्हा कळले असते तरी रोग पसरलेलाच होता, फरक पडला नसता." म्हणून तेव्हाच्या आणि आताच्या अवस्थेची तुलना कागदावर हवी. तेव्हा गाठ किती सेंटीमीटर होती, रिपोर्टमध्ये कोणती अवस्था लिहिली, आता कोणती स्टेज, तेव्हा कोणता उपचार पुरला असता आणि आता कोणता करावा लागला, हे सगळे दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

तज्ज्ञाचे मत मिळाले नाही तर सगळे संपले, असेही नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सांगितले की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असे नाही. त्या खटल्यात मलेरिया झालेल्या बाईवर टायफॉइडचे उपचार चालू ठेवले होते. चूक कागदावरच इतकी उघड होती की ग्राहक मंचाने दिलेली २ लाखांची भरपाई न्यायालयाने कायम केली. "बायोप्सी करा" असे लिहिलेला रिपोर्ट आणि त्याच्याच शेजारी गोळ्यांची चिठ्ठी, हाही असाच बोलणारा कागद आहे.

कोणत्या दवाखान्याविरुद्ध कुठे जायचे?

खासगी दवाखाना, नर्सिंग होम, लॅब: ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे.

त्याच निकालातील एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांवर फुकट उपचार करतात, तिथला फुकट उपचार घेतलेला रुग्णही ग्राहकच आहे. विमा कंपनीने बिल भरले तरी तुम्ही ग्राहक. म्हणून "तुम्ही योजनेतून आलात, तुमचे एक पैसाही गेले नाहीत, तक्रार कसली करता?" असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नका.

कामगार विमा रुग्णालय: पगारातून तुमची वर्गणी कापली जाते, म्हणून तिथेही ग्राहक कायदा लागू होतो. हा निकाल २००७ चा आहे.

सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे सरकारी वा पालिकेचे रुग्णालय: इथे ग्राहक आयोग नाही. केसपेपरचे पाच-दहा रुपये भरले म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही. पण दार बंद झाले असे नाही. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा करता येतो, आणि कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाला शासन जबाबदार धरले जाते. याचे उदाहरण आपल्याच मराठवाड्यातले. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करताना एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. पतीने दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, उच्च न्यायालयात हरले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात शासनाला जबाबदार धरले. भरपाई ३६ हजार रुपये, वर्षे गेली ३३. ही रक्कम वाचून मन कडवट होते. पण त्या माणसाने धीर सोडला नाही, म्हणून आज सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाच्या बाजूने तो निकाल उभा आहे.

डॉक्टरच्या परवान्याबद्दल: महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ नोंदणी रद्द करू शकते. भरपाई देत नाही. ग्राहक आयोग आणि परिषद, दोन्हीकडे तक्रार करता येते.

लॅबबद्दल एक खूण लक्षात ठेवा. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. आपल्या वस्त्यांत तंत्रज्ञच सही करतो अशा लॅब अजून आहेत. रिपोर्ट हातात पडताच सही, नाव आणि नोंदणी क्रमांक बघा.

आधी कागद, मग बाकी सगळे

मुलाला आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती ही, की भांडायला जाऊ नकोस, अर्ज घेऊन जा. रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. त्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. म्हणजे उशीर केलात तर "नोंदी राहिल्या नाहीत" हे उत्तर तयार असते.

अर्ज साधा असू द्या:

"मा. वैद्यकीय अधीक्षक, माझी पत्नी (नाव) हिच्यावर आपल्याकडे (तारीख) ते (तारीख) या काळात उपचार झाले. केसपेपर क्रमांक (…). तिचे सर्व केसपेपर, तपासणीचे रिपोर्ट, नर्सिंग नोंदी, संमतीपत्रे, बिले यांच्या प्रती आणि पॅप स्मिअर/बायोप्सीच्या स्लाइड मला ७२ तासांच्या आत द्याव्यात. आवश्यक शुल्क भरण्यास तयार आहे."

दोन प्रती करा. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज टाका.

स्लाइड आणि बायोप्सीचा मेणातला ठोकळा यांना फार किंमत आहे. त्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पुन्हा वाचून घेता येतात. लॅबने तेव्हा चुकीचे वाचले का, ते त्यावरूनच कळते. मूळ रिपोर्ट कोणालाही देऊ नका, नेत्याला नाही, वकिलाला नाही, आम्हालाही नाही. झेरॉक्स द्या.

आणि एक वही करा. कोणत्या तारखेला कोणाकडे गेलो, काय सांगितले, त्यांनी काय उत्तर दिले, सोबत कोण होते, किती पैसे दिले. दुःखात तारखा विसरतात. पंधरा दिवसांच्या आत लिहून काढा.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. चूक उशिरा कळली असेल तर "आम्हाला अमुक दिवशी कळले" हे मांडता येते. उशिराचे योग्य कारण लेखी दिले तर आयोग उशीर माफही करू शकतो. पण त्यावर विसंबू नका.

गोव्यातील एका सरकारी रुग्णालयातील परिचारिकेचे प्रकरण आम्हाला नेहमी आठवते. १९९३ मध्ये तिची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. नंतर वर्षानुवर्षे पोट दुखत राहिले. २००२ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली तेव्हा पोटात गॉज सापडला. ती आयोगात गेली. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. आधीची नऊ वर्षे त्रास होत असताना, स्वतः नर्स असून, तिने त्याच डॉक्टरकडे पाठपुरावा का केला नाही, असा न्यायालयाचा प्रश्न होता. दुखणे अंगावर काढायची आपली सवय कोर्टातही आपल्याविरुद्ध जाते, ती अशी.

आमच्या ताईंच्या पतीला तो रिपोर्ट काय सांगतो हे पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळले. तरी आम्ही त्यांना एक महिनाही थांबू दिले नाही.

तक्रार कशी करायची?

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. रुग्ण वारला असेल तर कायदेशीर वारस करू शकतो. वकील लावणे सक्तीचे नाही. तुम्ही उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ही रक्कम म्हणजे दिलेले बिल, मागितलेली भरपाई नव्हे. बिल ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. आपल्या जवळजवळ सर्वांचे बिल त्यातच बसते. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

तक्रारीत तारखांच्या क्रमाने घटना लिहा. शिवीगाळ, जातीचा अंदाज, ऐकीव गोष्टी नकोत. अपमान झाला असेल तर नेमके शब्द, दिवस, साक्षीदार लिहा. भरपाईत उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढच्या उपचाराचा खर्च, वेदना आणि घरच्यांचे नुकसान मांडा. घरकाम करणाऱ्या बाईच्या कमाईचा पगारपत्रक नसते, म्हणून चार घरच्या मालकिणींकडून लेखी घ्या. आमच्या ताईंच्या बाबतीत चारपैकी तिघींनी दिले.

वकील हवाच असेल तर खिशातला शेवटचा रुपया देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रानेही मान्य केला आहे, त्यामुळे "तुम्ही बौद्ध, तुम्हाला लागू नाही" हे म्हणणे चूक आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. हेल्पलाइन १५१००.

पोलीस केस आणि फोडाफोडी

लोकांचा पहिला हट्ट असतो, "डॉक्टरला अटक करा." फौजदारी गुन्हा होण्यासाठी साधी चूक पुरत नाही, अतिशय ढोबळ निष्काळजीपणा लागतो. पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, असे जेकब मॅथ्यू निकालात आहे. हुकलेल्या स्क्रीनिंगमध्ये ते क्वचितच बसते.

आणि तोडफोड? महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. डॉक्टरची चूक बाजूला राहते आणि आपला पोरगा आरोपी होतो. त्याची नोकरी जाते, जामिनासाठी आईचे उरलेसुरले दागिने जातात. बाबासाहेबांनी रस्ता दाखवला तो कायद्याचा. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की सगळ्यांत महत्त्वाचे कलम कोणते विचाराल तर दाद मागण्याचा हक्क देणारे कलम ३२, तोच संविधानाचा आत्मा. हक्क कागदावर असून चालत नाही, दाद मागता आली पाहिजे. दवाखान्यातल्या अन्यायालाही हेच लागू.

आयर्लंडच्या एका बाईने काय केले

आयर्लंड देशात व्हिकी फेलन नावाच्या बाईंनी २०११ मध्ये सरकारी कार्यक्रमातून स्मिअर तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल आला. २०१४ मध्ये त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. नंतर सरकारी यंत्रणेने जुनी स्लाइड पुन्हा पाहिली, तेव्हा पहिले वाचन चुकले होते असे दिसले. हे त्यांना मात्र २०१७ मध्ये सांगितले गेले. त्या कोर्टात गेल्या. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील लॅबने २५ लाख युरो देऊन तडजोड केली. पण कुठे बोलणार नाही, अशी अट त्यांनी स्वीकारली नाही.

त्या बोलल्या म्हणून देशाला कळले की अशा दोनशेहून अधिक बायका आहेत आणि बहुतेकींना काहीच सांगितलेले नाही. चौकशी झाली, कार्यक्रम बदलला, अशी माहिती रुग्णाला द्यावीच लागेल असा कायदा २०२३ मध्ये झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हिकी गेल्या.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, स्लाइड पुन्हा वाचता येते. दुसरी, चूक होणे एक, ती लपवणे दुसरे, आणि लपवण्याने जास्त माणसे मरतात. भरपाई घेताना "कुठे वाच्यता करणार नाही" असा कागद समोर आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मुंबईच्या वस्त्यांतली गोष्ट

हे परदेशातले झाले. आपल्याच मुंबईत १९९८ पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाने वस्त्यांतील सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी झाली. ती केली डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी. उरलेल्या निम्म्यांना कॅन्सरची माहिती दिली गेली, तपासणी नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या अभ्यासावर मोठा वाद झाला. ज्यांना तपासणी दिली नाही त्यांना पर्यायांची पुरती कल्पना देऊन संमती घेतली होती का, असा प्रश्न विचारला गेला. देशात तेव्हा असा कोणताच कार्यक्रम नव्हता, म्हणून कोणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. आमचे म्हणणे एवढेच, की त्या बायका आपल्या होत्या. त्यांच्यामुळे सिद्ध झाले की स्वस्त तपासणी जीव वाचवते. हे माहीत झाल्यानंतरही जर तपासणी वस्तीत पोहोचत नसेल, तर त्याची जबाबदारी कोणावर?

विहारातून काय करता येईल

ताईंची तक्रार जिल्हा आयोगात दाखल आहे. रिपोर्ट हातात देऊन सगळे समजावले होते, असे नर्सिंग होमचे उत्तर आले आहे. कुठे नोंद आहे, कोणाची सही आहे, हे आम्ही विचारले आहे. रोग तेव्हाच पसरला होता, असेही ते म्हणतात. निकाल काय लागेल, आम्ही सांगू शकत नाही. कायद्यात काही महिन्यांची मुदत आहे, प्रत्यक्षात वर्षे जातात. पती दर तारखेला मजुरी बुडवून जातात. थोरला मुलगा आता सोबत फाइल घेऊन जातो.

आमच्या महिला मंडळाने त्यानंतर तीन कामे सुरू केली, ती तुम्हालाही जमतील.

पहिले, दर पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास "कागद वाचन". ज्यांच्या घरी इंग्रजी रिपोर्ट पडून आहेत त्यांनी आणायचे. नर्सिंग, फार्मसी, लॅब शिकणाऱ्या आपल्या मुलींनी त्याचा अर्थ सांगायचा. औषध सुचवायचे नाही, फक्त "पुढे अमुक तपासणी लिहिली आहे, ती झाली का?" एवढे विचारायचे. पहिल्या तीन पौर्णिमांत आम्हाला दोन रिपोर्ट असे सापडले. दोघी वेळेत पोहोचल्या.

दुसरे, विहारात शिबिर घ्यायचे असेल तर आयोजकांकडून आधी लिहून घ्यायचे: रिपोर्ट किती दिवसांत, कोण देणार, दोष आढळलेल्या बाईला पुढे कुठे नेणार. हे लिहून देत नसतील त्यांना हॉल द्यायचा नाही, मग ते कितीही मोठे असोत.

तिसरे, एक वही. कोणाची तपासणी कधी झाली, रिपोर्ट हातात आला का, पुढची तारीख कोणती. ही वही कपाटात कुलपात राहते, कोणाचा आजार चव्हाट्यावर येत नाही.

दवाखान्यात गेल्यावर पाच प्रश्न विचारायला शिका: कोणती तपासणी केली? रिपोर्ट कधी मिळेल? त्यात काय लिहिले आहे, मराठीत सांगा. पुढे काय करायचे? नाही केले तर काय होईल? उत्तर केसपेपरवर लिहून मागा. लाजू नका. पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल गेले, संबंधानंतर रक्त आले, स्तनात न दुखणारी गाठ लागली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर "बघू" म्हणू नका.

आजारी भिक्खूला त्याचे सोबती टाकून गेले होते, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला धुतले, पुसले आणि संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा. एकमेकींचा रिपोर्ट वाचणे, सोबत तपासणीला जाणे, तारखेला कोर्टात बाजूला बसणे, हीसुद्धा तीच सेवा.

या पौर्णिमेला पेटी उघडा. कागद बाहेर काढा. विहारात घेऊन या.

नमो बुद्धाय, जयभीम!